विहीर राखणारा नरशार्दूल

वैशाख माणदेशावर उतरला तो निखाऱ्यांच्या पावलांनी. ओढे आटलेले, बाभळी करपलेल्या, आभाळ तापल्या खापरासारखे तांबूस. आणि त्या तप्त, तृषार्त आभाळाखालून हैबती जगदाळे नामक नरशार्दूल लढाईवरून घरी येत होता.

छातीवर पदक. सातासमुद्रापलीकडच्या सम्राटाने धाडलेले, रौप्यधवल, रविकिरणस्पर्धी. खोटे वाटेल, पण त्याच्या लखलखाटाने तरसवाडीचे कोंबडे भरदुपारी आरवले. छाती तर अशी फुगलेली, की वेशीतून गड्याला आडवे होऊन यावे लागले. मिशीच्या एका टोकावर कावळा बसला, दुसऱ्यावर कावळी, आणि मधल्या नाकावरून दोघांत हद्दीचे भांडण जुंपले.

उंबऱ्यात त्याची माय, बयाबाई, गूळपाणी घेऊन उभी. दारी आलेल्याला आधी पाणी, मग नावगाव. त्या निर्जळ मुलखाचा हा निर्मळ धर्म. वैऱ्यालाही तो चुकत नसे.

पण वीराला घोटाआधी पराक्रम सांगायचा होता. अंगणात गाव गोळा झालेले. त्याने सांगितले, मेसोपोटेमियाच्या त्या वाळूच्या, वणव्याच्या, वावटळीच्या देशात एकच विहीर होती. साहेबाने ती त्याच्या बंदुकीच्या हवाली केली. मग मृगजळातून शत्रू आले, सावल्यांसारखे, रांगेने. एकालाही त्याने काठाला शिवू दिले नाही. वाळू लाल झाली. अंगण वाहवा म्हणाले.

बयाबाईने हलकेच विचारले, "त्यांच्या हातात काय हुतं रं?"

हैबती अडखळला. "पखाली. अन् बायांच्या डोईवर घागरी."

"इहीर कुनाची?"

"त्यांचीच की. पन हुकूम हुता, आई."

वाहवा विरली. धन्य तो सम्राट, ज्याला घागरींचे भय वाटले. धन्य तो शार्दूल, ज्याने तहान नेम धरून टिपली. अंगणातले म्हातारे एकेक करून धोतर झटकत उठले. जाताना कुणी रामराम घातला नाही.

हैबतीने घसा खाकरला. "आई, पानी दे की."

"तुला न्हाई," बयाबाई म्हणाली. "वैरी आसतास तर दिलं आसतं."

ती उंबरा उतरली, त्याला वळसा घालून गोठ्यापाशी गेली, आणि खुंट्याला बांधलेल्या खरजुल्या शेळीपुढे तिने तांब्या धरला.

शेळी प्याली. सावकाश प्याली, मिटल्या डोळ्यांनी, महाराणीच्या मिजाशीने प्याली. आणि ऐन उन्हात, उंबऱ्याबाहेर, तिच्या घोटाघोटासरशी वीराचा कंठ हलत राहिला. कोरडा, रिकामा, पुन्हा पुन्हा.