चकचकीत ते हॉलमध्ये

संग्रहालयातल्या त्या बाईंना मुलं रंगमावशी म्हणत. हॉलमधल्या नदीच्या दोनशे वर्षं जुन्या चित्राची हुबेहूब प्रत त्यांनी दोन वर्षं खपून काढली होती. ती ‘हात लावा’ खोलीत मुलांसाठी टांगलेली असे. मूळ चित्राला बोट लावायचं नाही, प्रतीवर खुशाल हात फिरवायचा. नियम इतका सोपा, पण सोप्या नियमालाही डोकं लागतं आणि तिथंच तर घोडं पेंड खातं.

गुरुवारी एक शाळा आली. मावशींनी एका मुलीचं बोट धरून चित्रावर टेकवलं.

“जुना रंग वाळून तडकतो, त्याला भेगा पडतात. या प्रतीत त्या भेगा मी बारीक ब्रशने नुसत्या रंगवल्यात. डोळ्यांना दिसतील, बोटाला लागणार नाहीत. बघ बरं.”

“लागतायत की.”

“नीट बघ गं.”

“खरंच लागतायत, मावशी. आणि हे निघालं.” तिच्या बोटाच्या टोकावर निळ्या रंगाची बारीकशी खपली होती.

मावशींनी स्वतः बोट फिरवलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हे मूळ चित्र होतं.

“हात मागे! सगळ्यांनी!” त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मागच्या रांगेतला एक जण रडायलाच लागला.

आरडाओरडा ऐकून रखवालदार आणि त्याच्यामागून संग्रहालयाचे साहेब आले. रखवालदाराने मान खाली घालून सांगून टाकलं. भिंती रंगवताना दोन्ही चित्रं उतरवली होती, साहेबांनी त्यांना एकसारख्या फ्रेम करून घेतल्या. परत टांगताना कामगारांनी विचारलं, कुठलं कुठे? साहेबांनी मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, “चकचकीत ते हॉलमध्ये.”

त्याला तीन आठवडे झाले होते. तेवढ्या काळात अकरा शाळा येऊन गेल्या, आणि प्रत्येक शाळेला ‘लावा रे हात, घाबरता काय’ म्हणणाऱ्या मावशीच. मुलांच्या तोंडावरचं कौतुक बघण्यात दंग, चित्राकडे बघतंय कोण! त्यांना साहेबांचा संताप आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

“हळू बोला हो,” साहेब म्हणाले. “लोक तिकडे तुमच्या चित्राची वाहवा करतायत, खूश व्हा. आजची शाळा उरकून घ्या, संध्याकाळी गुपचूप बदलू. कुणाला कळतंय?”

“या एवढ्याशा पोरीला कळलं, तुम्हाला नाही कळलं! आणि उरकून घ्या काय? अजून तीस पोरांचे हात फिरवू यावर? माझं चित्र जळलं तर मी दुसरं काढीन. हे ज्याने काढलं त्याला कुठून आणू?”

“मुलांसमोर नको.”

“मुलांसमोरच! हात त्यांचे वापरलेत आपण.”

त्या तरातरा हॉलमध्ये गेल्या. ‘ही प्रत आहे, माझी आहे’ असं जमलेल्या लोकांना ठणकावून सांगितलं आणि रखवालदाराच्या मदतीने चित्र उतरवून खोलीत आणलं. मूळ चित्र हलक्या हाताने काढून टेबलावर ठेवलं.

“मावशी, आम्ही बिघडवलं का ते?” मुलीने विचारलं.

“नाही गं. तुम्ही सांगितलं तसं केलंत. बिघडवलं आम्ही मोठ्यांनी.” मावशींनी आपली प्रत तिच्यासमोर धरली. “ये, आता लाव हात. हे माझं आहे.”

मुलीने दोन्ही हात पाठीमागेच घट्ट धरून ठेवले.

“मघाशीपण तुम्ही हेच म्हणालात,” ती म्हणाली.