हुजऱ्याचं स्वभावचित्रण

डॉ. गोपाळराव चिंचमलातपुरे यांना साहित्यातलं नेमकं काय कळतं, असं कुणी विचारलं असतं तर प्रणालीनं एका दमात सांगितलं असतं: चहा कधी येणार ते. बावीस वर्षं हा गृहस्थ मराठी विभागप्रमुखाच्या खुर्चीत रुतून बसला होता. तेवढ्या काळात कादंबरी कुठलीही असो, तिचा नायक संवेदनशील, त्याची आई सोशिक आणि बाप करारी. नाटक कुठलंही असो, ते समाजप्रबोधन करायचं. पोरं बिचारी हे वहीत उतरवून घेत, खाली रेघ मारत, परीक्षेत जसंच्या तसं ओकत आणि पास होऊन हिंगण्याला कुठल्यातरी कारखान्यात पाळीवर लागत. सगळे भैताड, प्रणाली मनात म्हणे, शिकवणाराही आणि शिकणारेही.

ती स्वतः नऊ वर्षांपासून याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी आली तर ठणठण गोपाळ. नेट झालेली, पीएच.डी. झालेली, छत्तीस वर्षांची बाई, आणि जूनमध्ये दरवर्षी अर्ज करायचा की मला पुन्हा ठेवून घ्या. यंदा मात्र विभागात एक कायमची जागा निघाली होती. मुलाखत दिवाळीनंतर. निवड समितीत गोपाळराव. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, तसं.

ऑगस्टमध्ये गाढवानं तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, आपल्याकडंच सेमिनार ठेवून राहिलो यंदा," गोपाळराव पान चघळत म्हणाले. "बीजभाषण मलेच करा लागते. थोडंसं लिहून द्या न. वयात येणाऱ्या नायकाची कादंबरी अन् विडंबनात्मक प्रहसन, असं काहीतरी. जरा वजनदार पाहिजे. तुमच्या जागेचं तं माझ्या डोक्यात आहेच."

"हो सर," प्रणाली म्हणाली.

हे काही पहिलं नव्हतं. त्यांच्या नावावरचे चार लेख तिनंच लिहिले होते. आयत्या बिळावर नागोबा! तिच्यासारखाच तासिकेवर राबणारा पंकज बाहेर उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

"लिहून दे न वं," तो म्हणाला. "भाषण त्याचं, नोकरी तुही."

"काहून नाही लिहीन?" प्रणाली म्हणाली. "असं लिहितो का पाहा, तो माइकवर उभा राहून स्वतःच्याच तोंडानं स्वतःची अब्रू काढीन, अन् त्याले पत्ताही नाही लागणार."

आणि तिनं खरंच तसं लिहिलं. दोन पुस्तकं निवडली. एक कोष्टीपुऱ्यातल्या पोराची कादंबरी. चौदा वर्षांचा पोरगा रोज बघतो की बाप सेठपुढे उगाचच वाकतो, विणलेल्या लुगड्यात नसलेली खोट कबूल करतो. शेवटी एक दिवस पोरगा भर दुकानात सेठला म्हणतो, "खोट नाही. नीट पाहा." दुसरं एक जुनं प्रहसन. त्यात नगराध्यक्ष ठार निर्बुद्ध, आणि त्याची भाषणं लिहून देणारा चाळिशीचा हुजऱ्या महाबिलंदर. तो भाषणात असलं काही घुसडतो की अध्यक्ष स्वतःलाच गाढव म्हणतो आणि गाव हसून लोळतं.

पोराबद्दल तिनं चार पानं चांगली लिहिली. मिसरूड फुटलं म्हणजे पोरगा वयात येत नाही, जे दिसतं ते तोंडावर बोलायची किंमत मोजतो तेव्हा तो वयात येतो, असं तिनं मांडलं. पण खरा जीव ओतला तो अध्यक्षात. बोलण्याआधी तीनदा खाकरणारा, दर वाक्याला "मुळात" म्हणणारा, दुसऱ्याच्या शब्दांवर दाद घेताना पोटावरून हात फिरवणारा. आणि हुजऱ्याबद्दल लिहिलं की तो मनानं मुक्त आहे, कारण तो हसू शकतो. चाकरी त्याच्या हातांनी पत्करली आहे, मनानं नाही. हे वाक्य तिला फार आवडलं. दोनदा मोठ्यानं वाचलं.

सेमिनारच्या दिवशी सभागृह भरलं होतं, म्हणजे हजेरी लावू म्हणून पोरांना कोंबलं होतं. पुढच्या रांगेत बाहेरगावचे प्राध्यापक, त्यातला निम्मा जथा जेवणासाठी आलेला. गोपाळराव उठले. शाल सावरली. तीनदा खाकरले.

"मुळात," ते म्हणाले, आणि वाचू लागले.

आणि काय वाचलं बाप्पा! खाकरण्याबद्दल वाचलं आणि पुन्हा खाकरले. पोटावरच्या हाताबद्दल वाचताना हात पोटावरच होता. पंकजनं रुमाल तोंडात कोंबला. प्रणाली दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती आणि तिच्या अंगातून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. नऊ वर्षांत असा आनंद तिला झाला नव्हता. वाच, वाच लेका, ती मनात म्हणाली, आपलीच धिंड काढ. टाळ्या पडल्या. बाहेरगावच्या एका प्राध्यापकानं "व्यक्तिरेखेचं इतकं बारीक निरीक्षण दुर्मिळ" असं म्हटलं. गोपाळरावांनी मान तुकवली.

"प्रश्न?" सूत्रसंचालकानं रीत म्हणून विचारलं. मागून एक हात वर आला.

अपेक्षा होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, उमरेडहून रोज एस.टी.नं येणारी. वर्गात कधी फारशी बोलत नसे, पण प्रणालीच्या तासाला पहिल्या बाकावर असे.

"सर, तुम्ही सांगितलं का पोरगा तोंडावर बोलला म्हणून वयात आला," ती उभी राहून म्हणाली. "तो चौदा वर्षांचा आहे. हा हुजऱ्या तं चाळिशीचा आहे न? हा पाठीमागं हसते, अन् रात्री बसून त्याच अध्यक्षाले नवीन भाषण लिहून देते. त्याच्या भाषणांवरच तं अध्यक्ष निवडून येते. मग हा मुक्त कसा? हा वयात आलाच कुठं?"

सभागृहात कुणीतरी "वा" म्हटलं. गोपाळराव कागद उलटेपालटे करू लागले. कागदात याचं उत्तर नव्हतं. लिहिताना लिहिणारीलाच ते सुचलं नव्हतं, तर वाचणाऱ्याला कुठून सापडणार?

"मुळात प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "आमच्या प्रणाली मॅडम सांगतील. त्यांनी मला संदर्भ काढायला बरीच मदत केली."

प्रणाली उठली. माइक हातात आला. उत्तर तिच्या जिभेवर होतं, एका ओळीचं: नाही आला गं, नाहीच आला. ते म्हटलं असतं तर पुढचं वाक्यही आपोआप आलं असतं, की हे भाषण माझं आहे. समोर गोपाळराव तिच्याकडे बघत होते, पान खाल्लेल्या तोंडानं हसत, अगदी निर्धास्त. दिवाळी सहा आठवड्यांवर होती.

"प्रहसनातली पात्रं ठोकळेबाज असतात," प्रणाली म्हणाली. "त्यांच्यात वाढ शोधायची नसते. कादंबरीचे निकष प्रहसनाला लावणं ही समीक्षेतली चूक आहे. सरांनी हा भेद फार नेमका दाखवला आहे."

टाळ्या पडल्या. अपेक्षा खाली बसली. तिनं उत्तर लिहून घेतलं नाही.

जेवणाला वडा-भात होता. प्रणालीनं ताट अर्धंच टाकलं. ती हात धुवायला उठली तर नळापाशी अपेक्षा उभी.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू." पोरीनं इकडेतिकडे पाहिलं. "ते तुम्ही लिहिलं होतं का? तुमच्यासारखी वाक्यं होती त्यात. तुम्ही वर्गात बोलता तशीच."

"सरांचंच आहे ते," प्रणाली म्हणाली. "मी फक्त टाइप केलं."

"अच्छा." अपेक्षानं ओढणीला हात पुसले. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि तेच वाईट होतं. "मले एम.ए. मराठीत करायचं होतं, तुमच्याकडं पाहून. म्हणून विचारलं."

'होतं' म्हणाली ती, 'आहे' नाही. आणि पाठमोरी होऊन निघून गेली.

प्रणालीनं नळ सोडला. गोपाळरावांची किळस तिला रोजच यायची, तिची सवय होती. ही किळस वेगळी होती, स्वतःची होती, आणि ती कुणावर ढकलायला जागा नव्हती.

"अहो प्रणाली मॅडम!" पोर्चमधून गोपाळरावांनी हाक मारली. "या न लवकर, फोटो काढून राहिले. अन् तो पोट्टीचा मुद्दा छान होता, छापताना त्याच्यावर एक पान वाढवून द्या. माझ्याच नावानं जाऊ द्या ते."

तिनं तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला.

"हो सर," ती म्हणाली आणि फोटोत जाऊन उभी राहिली.