प्रतापगडचं टरबूज

"पोट कधीपासून वाढतंय?" गोंदियाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघत विचारलं.

दुर्पतानं पदर सावरला. "दोन हप्ते झाले जी."

मी खुर्चीत चुळबुळलो. बत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई कधी खोटं बोलली नव्हती. आमच्या घरी ते काम माझं. मी दिसलो की आमच्या गोरेगावच्या बाजारातली चहाची टपरी भरते. अस्वलाला मी बिडी पाजली, धानाच्या बांधीतल्या खेकड्यानं मला सायकलसकट मुर्री गावापर्यंत ओढत नेलं. लोक सगळं ऐकून घेतात.

शिवरात्रीला प्रतापगडच्या जत्रेत दुर्पतानं टरबूज खाल्लं आणि महिन्याभरात तिचं पोट दिसायला लागलं. मी टपरीवर सांगितलं, "बुढीनं बी गिळलं. आता वेल कानातून निघते पाहा." बाया नळावर तिला विचारायच्या, "काकू, पिकलं का टरबूज?" तीही हसायची. "आणखी गोड होऊन राहिलं." दुखायचं, तरी हसायची. आरोग्य केंद्राची आशाताई मोनाली दोनदा सांगून गेली, "काका, सोनोग्राफी करून आणा." दोन्ही वेळा मी तिला, पिकल्यावर एक फोड देईन म्हणालो. धानाची रोवणी आली आणि गेली.

"साहेब, दोन हप्ते नाई," मी म्हणालो. "शिवरात्रीपासून."

"त्यांचं नोका लिहू जी," दुर्पता मधेच म्हणाली. "गोरेगावात कोणालेबी इचारा, हा बुढा खरं बोलत नाई."

डॉक्टर हसले. "बाबा, यांना नागपूरला पाठवतोय. तिथल्या डॉक्टरांना नीट कळायला हवं."

"शिवरात्रच. मी लोकाईले हसवत बसलो न जी."

त्यांचं हसू विरलं. त्यांनी लिहून घेतलं. मग कागदावर चित्र काढून समजावलं. अंडाशयात एक गाठ, नारळाएवढी. आतड्याला शेपटीसारखं अपेंडिक्स असतं, त्यातही एक. दोन्ही एकदम क्वचितच सापडतात. एकवीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आधी कुठली झाली, ते काढून तपासल्यावरच कळेल.

"निघंल न सगळं?" मी विचारलं.

"आत जेलीसारखं पसरलंय, बाबा. शब्द देता येत नाही."

दोन गाठी, एक पोट. एवढी मोठी थाप मलाही कधी सुचली नव्हती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन खोटं बोलली तू?"

"तो तुमाले रागावला असता," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं तिच्या पोटाकडे पाहून विचारलं, "काय झालं वो मावशी?"

"प्रतापगडच्या जत्रेत टरबूज खाल्लं न बाई," दुर्पता सुरू झाली. बी गिळल्यापर्यंत आली आणि दम लागून थांबली. "समोरचं तुमी सांगा."

मला पुढचं काही आठवेना.

बाई हसू दाबत माझ्याकडे वळली. "खरंच का जी, बाबा?"

"खरं हाये," मी म्हणालो, आणि दुर्पताच्या मांडीवरची रिपोर्टची पिशवी माझ्याकडे घेतली.