तिसरी काच

रविवारी दुपारी बरोबर अडीच वाजता घड्याळवाल्यांच्या घरी सगळी कामं थांबत. खाली दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असे, वर खोलीत पडदे सारलेले असत, आणि घड्याळवाले टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेले असत. गुन्ह्यांची ती मालिका लागली की तासभर कोणी मोठ्यानं शिंकलेलंसुद्धा त्यांना खपत नसे.

दर भागाच्या आधी निवेदक मागच्या भागावर आलेली प्रेक्षकांची मतं वाचून दाखवी. घड्याळवाल्यांची चार मतं आजवर वाचली गेली होती. चारही वेळा त्यांनी चूक पकडली होती. एका दृश्यात भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार आणि लगेच पुढच्या दृश्यात पावणेचार, असल्या चुका. "आपल्या नजरेतून काही सुटत नाही," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. अक्षर मात्र त्यांचं त्यांनाच लागत नसे. म्हणून मत ते सांगत आणि लिहून देई त्यांची धाकटी बहीण. तिनं तेहतीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवला होता. सगळी गल्ली तिला बाई म्हणे, घरात वहिनीही बाईच म्हणत.

त्या रविवारी बाई जिना चढून आल्या तेव्हा आतल्या खोलीच्या दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली दिसली.

"चिऊ आली आहे?" बाईंनी विचारलं. चिऊ म्हणजे घड्याळवाल्यांची एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची झाली तरी चिऊच.

"परवा आली," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "चार वाजता जावई न्यायला येतायत."

"वर्षात तिसऱ्यांदा आली ना गं?"

"अहो बाई, नवराबायकोत खटके उडतातच. समजूत काढली आहे तिची. जाईल नीट."

बाई पुढे काही बोलणार, तोवर घड्याळवाल्यांनी "श्शू!" केलं.

चिऊ चहा घेऊन आली. चार कप होते आणि तिनं चार खेपा घातल्या. प्रत्येक कप उजव्या हातात. डावा हात ओढणीखाली पोटाशी धरलेला.

"ट्रे का नाही घेतलास?" बाईंनी विचारलं.

"असंच, आत्या."

वर्गात जी मुलं सारखा हात वर करतात त्यांची काळजी बाईंनी कधी केली नव्हती. जी हात वर करत नाहीत, त्यांच्याकडे त्या बघत. आताही त्या टीव्ही सोडून चिऊकडेच बघत राहिल्या. चिऊ दाराच्या चौकटीला टेकून भाग बघत होती.

भागाची गोष्ट साधी होती. एक तरुण बायको जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली सापडते. नवरा सांगतो, पाय घसरून पडली. तपास अधिकाऱ्याला तिच्या मनगटावरच्या घड्याळाची फुटकी काच खटकते. मग कळतं की ती दोनदा माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा आईबापांनी तिची समजूत काढून तिला परत पाठवलं होतं.

भाग संपला. शेजारच्या काकूंनी डोळे पुसले. या काकू स्वतःच्या घरी मोठा टीव्ही असूनही इथेच येत, कारण त्यांना बघण्यापेक्षा बोलण्यात रस होता. त्यांनी लगेच मोबाइल काढला आणि लोकांची मतं वाचायला घेतली.

"हे बघा, एकानं लिहिलंय, 'अशा नवऱ्याला भर चौकात लटकवा.' बरोबर आहे. ही एक म्हणते, 'एवढी शिकलेली, मग सोसलं कशाला? चूक तिचीच.' हेही खरंच हो! आणि हे ऐका, 'नटी छान रडली, पण काजळ जरासुद्धा पसरलं नाही.'"

"आईबापांबद्दल काय लिहिलंय?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"शिव्याच शिव्या. 'पोटची पोर ओझं झाली का,' असं."

"घातल्याच पाहिजेत शिव्या. घ्या बाई, लिहा."

बाईंनी वहीचं कोरं पान उघडलं. घड्याळवाल्यांनी घसा साफ केला.

"'माननीय निवेदक महोदय. खरा गुन्हेगार नवरा नव्हे. खरे गुन्हेगार आईबाप. मुलगी पिशवी घेऊन दारात येते, तेव्हा ती काय सांगायला आली आहे हे ज्यांना कळत नाही, त्यांना आईबाप म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.' लिहिलं?"

"लिहिलं," बाई म्हणाल्या. पेन जरा जास्तच दाबलं गेलं होतं. दाराशी ठेवलेली पिशवी खोलीतल्या सगळ्यांना दिसत होती. पण ती कोणी बघितली नाही.

"आता मुद्द्याचं. 'तपास अधिकाऱ्यानं काच ओळखली, पण कारण नीट सांगितलं नाही. घड्याळ हातातून पडलं तर काच कडेला टवका उडून फुटते. पण घड्याळ घातलेला हात धरून पिरगळला आणि भिंतीच्या कोपऱ्यावर दाबला, तर तडा बारापासून सहापर्यंत सरळ जातो आणि चावीचा दांडा आत वाकतो. हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो.'" ते खुशीत मागे टेकले. "हे मत वाचतात की नाही बघा!"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"चिऊ, तुझं घड्याळ कुठे आहे गं?"

उत्तर वहिनींनी दिलं. "दुकानात, दुरुस्तीला. धांदरट आहे नुसती. तिसरी काच आहे ही. दोन्ही वेळा यांनी बदलून दिली, तरी कामं करताना घड्याळ काढून ठेवायचं म्हणून नाही."

बाई उठल्या. गुडघे कुरकुरत असतानाही जिना उतरून खाली दुकानात गेल्या. दुरुस्तीच्या खणात चिठ्ठी लावलेली छोटी पाकिटं होती. "चिऊ, काच" असं लिहिलेलं पाकीट त्यांना शोधावं लागलं नाही, वरच होतं. ते आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन त्या वर आल्या आणि दोन्ही वस्तू भावाच्या पुढ्यात ठेवल्या.

"दादा, ही काच कशानं फुटली? तू सांग, मी लिहिते."

"हे काय मध्येच? पडली असेल. न्हाणीघरात पडली, असं चिऊच म्हणाली."

"टीव्हीतला नवरा म्हणाला, जिन्यावरून पडली. तेव्हा तू पुरतं ऐकूनही घेतलं नाहीस, लगेच म्हणालास, खोटं बोलतो. भिंग लाव."

तिसरीतल्या मुलाला उभं करावं तसा तो आवाज होता. घड्याळवाल्यांनी भिंग लावलं. काकूंचा मोबाइलवर फिरणारा अंगठा थांबला. घड्याळवाल्यांनी घड्याळ एकदा सरळ धरलं, एकदा आडवं, मग चावीच्या बाजूनं. चाळीस वर्षांत इतका वेळ त्यांना कुठल्याच घड्याळाला लागला नव्हता.

"सांग ना, तडा कसा आहे?"

"बारापासून..." ते म्हणाले आणि त्यांनी भिंग काढलं.

"आणि दांडा?"

त्यांनी घड्याळ परत पाकिटात घातलं.

"पहिल्या वेळी मी सांगितलं होतं, बाबा," चिऊ दारातून म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, नुसता थकवा होता. "इथेच उभी होते. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. तुमचं मत वाचून दाखवत होते."

"अगं, पण असं... इतकं म्हणून नव्हतं सांगितलंस."

"इतकं म्हणजे किती, बाबा?" तिनं ओढणी बाजूला केली. मनगट सुजून निळंजांभळं झालं होतं.

वहिनींनी तोंडावर हात घेतला. मग लगेच जिन्याकडे बघितलं, कारण खाली कोणीतरी आलं होतं.

"हे बघा, ते आले," वहिनी घाईघाईनं कुजबुजल्या. "आता तमाशा नको. एवढ्या वेळी जाऊ दे तिला. पुढच्या वेळी आपण नक्की बघू."

"पुढच्या वेळी बघायला तुम्हालाच यावं लागेल, आई," चिऊ म्हणाली.

जावई हसतमुखानं वर आले. हातात मिठाईचा खोका. सगळ्यांना वाकून नमस्कार झाला, बाईंना दोनदा.

"मालिका बघत होतात वाटतं? मीही बघूनच निघालो. काय भाग होता! त्या नवऱ्याला तर फासावरच द्यायला हवं." त्यांनी खोका टेबलावर, त्या वहीवरच ठेवला. "चल गं, उशीर होतोय."

सगळे घड्याळवाल्यांकडे बघायला लागले. ते टीव्हीकडे बघत होते. टीव्ही केव्हाच बंद झाला होता.

"घड्याळ... अजून व्हायचं आहे तिचं," ते कसंबसं म्हणाले.

बाईंना आपल्या भावाचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. कागदावर चार ओळींत आईबापांना फासावर देणारा हा माणूस! त्या बोलायला उठल्या, पण चिऊ त्यांच्या आधी पुढे आली. तिनं उजव्या हातानं पिशवी उचलली आणि दाराकडे न जाता बाईंच्या खुर्चीशी आणून ठेवली.

"मी येत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"लोक काय म्हणतील, काही विचार?" जावयांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त आवाज बदलला होता.

"लोकांनी काय म्हणायचं ते आताच म्हटलंय," बाई म्हणाल्या. "काकूंच्या मोबाइलवर आहे. वाचून दाखवू?"

काकूंनी मोबाइल पटकन पदराखाली घातला.

त्या रात्री चिऊ बाईंच्या घरी झोपली. सोमवारी सकाळी दवाखान्याचा कागद घेऊन दोघी पोलिसचौकीत गेल्या. दारात घड्याळवाले आधीच येऊन उभे होते. हातात ते छोटं पाकीट. बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण सरकून त्यांना बाकावर जागा दिली.

टेबलामागचे हवालदार चांगल्या स्वभावाचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काचेचा तडा समजावून घेतला आणि एकदम खूश झाले.

"अहो, कालच्या भागात अगदी हेच होतं! बघितलात का? काय ते आईबाप! तसल्यांना आधी आत टाकलं पाहिजे." मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि घरच्यासारखं पुढे वाकून सांगितलं, "पण काका, हा घरातला मामला आहे. कागदावर आलं की तुटतं. मुलीची समजूत काढा आणि परत पाठवा."

चिऊ उठायला लागली. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. पिशवीतून कालचीच वही काढली. मिठाईच्या खोक्याचा तेलकट डाग पडलेलं पान उलटून कोरं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"सांगा, साहेब," बाई म्हणाल्या. "'समजूत काढा आणि परत पाठवा.' लिहिलं. वर आजची तारीख घालते. वेळ किती झाली रे दादा?"

"दहा वाजून वीस," घड्याळवाले म्हणाले. वेळ अचूक होती.

"दहा वाजून वीस मिनिटं. हे मत तुमचंच ना? मग खाली सही करा." बाईंनी वही टेबलावरून सरकवली. "पुढे या मुलीचं काही बरंवाईट झालं, तर कोणी काय सांगितलं होतं ते कुठेतरी असायला हवं. सही झाली की आम्ही निघतो. नाहीतर तक्रार लिहून घ्या. तोवर आम्ही तिघं इथेच बसतो. मला घाई नाही. मी तेहतीस वर्षं मुलांची उत्तरं येईपर्यंत थांबत आले आहे."

हवालदारांनी त्या वळणदार अक्षराकडे बघितलं. वाक्य त्यांचंच होतं, एक शब्दही इकडेतिकडे नव्हता. लिहिलेलं मात्र ते त्यांना ओळखू येईना. त्यांनी पेन हातात घेतलं, पुन्हा ठेवलं. मग कोणाकडेही न बघता खण ओढला आणि तक्रारीचा कागद शोधायला लागले.

"तुमचं नाव?" त्यांनी चिऊला विचारलं.

चिऊनं आत्याकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. उत्तर येणाऱ्या मुलाकडे त्या कधी बघत नसत.

चिऊनं हात वर केला. डावा, सुजलेला. तो टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि ती सांगायला लागली.