कॉम्प्युटरला लागलेली साखर

"हे सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल. म्हणा खुशाल! पण या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला साखर झाली होती. माझ्या बायकोची लागली होती त्याला."

सहादूकाकांनी एवढं म्हणायचा अवकाश, बाकावरची माणसं सरकून जवळ आली. मंगळवार हा ट्रस्टच्या दवाखान्यात साखरवाल्यांचा वार. दोन नंबरच्या खिडकीसमोर नंबर लागेपर्यंत दोन तास बसायचं आणि त्या दोन तासांत काकांची गोष्ट ऐकायची. काका मखमलाबादचे, झेंडू-शेवंतीच्या मळ्याचे मालक. बायको गोजराबाई जाऊन सात वर्षं झाली होती आणि आता त्यांची स्वतःचीही साखर वाढली होती.

"गोजराला आजार किती? साखर, रक्तदाब, दमा आणि वर गुडघे. बाई एक आणि आजार चार. तेव्हा नव्याण्णव साली हे मशीन नवंकोरं आलेलं. एका माणसाचे सगळे आजार, सगळ्या गोळ्या त्यात घालायच्या, म्हणजे कुठली गोळी कुठलीशी भांडते ते मशीन ओळखणार. खिडकीतल्या मॅडमनी साखर घातली, गप्प राहिलं. रक्तदाब घातला तसं तापलं. हात ठेवला तर चुलीवरचा तवा! दमा घातला आणि आतला पंखा धापा टाकायला लागला."

"आणि साखर झाली हे कशावरून कळलं?" रिक्षावाल्या बारकूने विचारलं. ही गोष्ट त्याला पाठ होती, पण कुठे टाचणी लावायची तेही पाठ होतं.

"मुंग्यांवरून! दुसऱ्या दिवशी बटणांच्या फटीफटीतून मुंग्यांची रांग. मुंबईहून इंजिनीअर आला. त्याने एक बटण चाटून पाहिलं. म्हणाला, गोड आहे, याचं पथ्य सुरू करा."

"मागच्या मंगळवारी इंजिनीअर पुण्याचा होता, काका."

"दोघं आले होते रे. एकट्याला झेपतंय का एवढं दुखणं?"

बाक हसला. सिन्नरहून जीपने आलेली कुसाबाई तोंडाला पदर लावून हसली. ती इथे पहिल्यांदाच आली होती. काकांनी हसू ओसरू दिलं आणि आवाज खाली आणला.

"आणि मग त्या आजारी मशीनने माझ्या बाईला गोळ्या दिल्या. जी गोळी चालू होती तीच, दुसऱ्या नावाने. साखर उतरत गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू खुडत होती. पाटी मांडीवर घेऊन बसली, ती बसल्या जागी कलंडली. तोंडात साखर घालायलाही सवड दिली नाही."

बाकावरून 'च्च् च्च्' असा आवाज आला. काका त्याचसाठी थांबले होते. तो आवाज कानात साठवून न्यायचा, म्हणजे पुढच्या मंगळवारपर्यंत भाकरी घशाखाली उतरायची. गुन्हेगार मशीन होतं, हे चार माणसांनी मान्य केलं की झालं. मुंग्या, इंजिनीअर, तवा दर खेपेला वाढत गेले. पण घटस्थापनेच्या सकाळचा एक तुकडा काकांनी कधी गोष्टीत शिरू दिला नाही. बाहेर फुलांनी भरलेला टेम्पो, आत या खिडकीत विचारलेला एक साधा प्रश्न आणि त्याचं दोन अक्षरी उत्तर.

खिडकीमागे दीपमाला मॅडम बसत. तेव्हाही त्याच होत्या. काकांच्या तक्रारीवरून त्यांनी तेव्हा ट्रस्टच्या साहेबांना लेखी खुलासा दिला होता. काका स्वतःच्या साखरेसाठी यायला लागल्यापासून दर मंगळवारी त्या काचेपलीकडून ही गोष्ट ऐकत होत्या आणि कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आगं माय," कुसाबाई म्हणाली, "मंग मी नाय त्या मशिनीला समदं सांगायची. इचारलं तरी बी नाय."

तिने पिशवीतून सिन्नरच्या डॉक्टरची गोळ्यांची पट्टी काढली आणि कनवटीला खोचली. काकांनी पाहिलं. सांगावं, बाई, गंमत होती ती, सगळं सांग त्यांना. पण गंमत कुठपर्यंत आणि खरं कुठून, असं तिने विचारलं तर? एक धागा ओढला की सगळं उसवणार. काकांनी घसा खाकरला आणि चष्मा पुसायला घेतला.

"कुसाबाई!" हाक आली.

ती खिडकीशी गेली. दीपमाला मॅडमनी नाव घातलं, वय घातलं, साखर घातली.

"मावशी, दुसऱ्या डॉक्टरांच्या काही गोळ्या चालू आहेत का?"

"नाय."

मॅडमची बोटं बटणांवर थांबली. "नीट आठवा. मशीन विचारतंय."

कुसाबाईचा हात कनवटीकडे गेला आणि परत आला. तिने वळून बाकाकडे पाहिलं.

"काका, तुमच्या मालकिणीला बी असंच इचारलं व्हतं का हो?"

सगळा बाक काकांकडे बघायला लागला. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"छे!" काका म्हणाले. "तेव्हा कुठलं विचारतंय! मुकं होतं ते तेव्हा. नुसत्या गोळ्या ओकायचं."

दीपमाला मॅडम खुर्चीवरून उठल्या. काच बाजूला सरकवली.

"विचारलं होतं, काका. गोजराबाई पंचवटीच्या डॉक्टरांच्या गोळ्या काढायला पिशवीत हात घालत होत्या. तुम्ही त्यांचा हात धरलात. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. 'नाही' कोण म्हणालं?"