मूठभर खडे मीठ

निमेश, माझा नातू, बावीस वर्षांचा होऊन गेला. आतड्यांना जखमा, आतल्या आत सूज. दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझी सून पार्वती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, म्हातारीने लहानपणापासून सुकी मासळी चारली, तिनेच पोराची आतडी जाळली. मी ऐकून घेणारी नाही. तिला सुनावलं, सगळं वेसावं गाव सुकं खातं, सगळे मेलेत काय? पण एकटी बसले की तेच डोक्यात फिरायचं.

निमेशची बहीण नमिता पार्ल्याच्या एका लॅबमध्ये संशोधनाला आहे. ती म्हणायची, अंगातली सूज विझवणारा एक पदार्थ रक्तात असतो. त्याचं नाव लांबलचक, आम्ही घरात त्याला दहा नंबर म्हणायचो. आजारपणात निमेशने लॅबला रक्त दिलं होतं, त्यातलं एका नळीपुरतं उरलं होतं. त्यात दहा नंबर किती, ते ती मोजणार होती. कमी निघाला तर दोष त्याच्या रक्तातच होता, असं मी धरून बसले. तसं नक्की सांगता येत नाही, हे तिने दोनदा बजावलं. मी पहिलंच तेवढं ऐकलं.

मोजायचं मण्यांनी. डोळ्याला न दिसणारे रंगीत मणी. ते रक्तातला दहा नंबर धरून ठेवतात, मग मशीन एकेक मणी तपासून आकडा सांगतं.

शनिवार-रविवार लॅबची वीज बंद राहणार होती. रक्ताच्या नळ्या दुसरीकडे ठेवल्या, मण्यांचा डबा नमिताने घरी आणला. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवला आणि हात लावू नका म्हणाली.

ती बाहेर पडल्यावर मी कप्प्यात हात घातला. पाण्याची बाटलीसुद्धा धड गार नव्हती. जिने उभा जन्म बर्फावर पापलेट टिकवली, तिला गारवा कोणी शिकवायचा? डबा पिशवीत बांधला, मासळीच्या पेटीत बर्फात पुरला, वर मूठभर खडे मीठ टाकलं. मिठाने बर्फाचा गारवा कडक होतो. रविवारी दुपारी डबा गुपचूप जागेवर ठेवला.

सोमवारी नमिता उशिरा आली. चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसली. सगळे मणी एकमेकांना चिकटले होते, मशीनला एक मोजता येईना. शेवटचं रक्त त्यातच गेलं होतं. कुठेतरी डबा गोठला असणार, म्हणाली, मणी गोठले की संपले. प्रवासात आपलंच काही चुकलं म्हणून ती स्वतःलाच बोल लावत होती.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं.

"मी बर्फात ठेवलेला गो," मी म्हणाले.

"नुसत्या बर्फाने गोठत नाही, आजी."

"मीठ घातलेलं."

 तिने विचारलं, "किती?"

"मूठभर."

तिने मान खाली घातली. आता दुसरी नळी नाही, एवढंच म्हणाली.

पार्वती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी पदर खोचला, उत्तर तयार ठेवलं. दोन वर्षांत कधी नव्हे ते तिने माझ्यावर जीभ चालवली नाही. आत गेली, माझं ताट वाढून आणलं, समोर ठेवलं.

"जेवून घ्या," म्हणाली.

मी शिवीची वाट बघत बसले. भात गार झाला, तरी शिवी आली नाही.