बटणाचा वळसा

"हलू नकोस," ओठांत धरलेल्या टाचण्यांमधून आई म्हणाली आणि तिनं लेकीचा घोटा हातानं धरून ठेवला.

लेक बुटक्या स्टुलावर उभी होती. नवी विजार लांब होती, म्हणून आई जमिनीवर गुडघे टेकून तिचा काठ आत दुमडत होती. एक टाचणी, थोडं मागे सरकून नजर, मग पुढची टाचणी.

"दोन्ही पाय सारखे नाहीत तुझे."

"तुझ्यावर गेलेत."

"माझ्यावर गेले असते तर सारखे असते."

कपडे सैल-घट्ट करून द्यायचं काम आई त्या दोन खोल्यांत आयुष्यभर करत आली होती. पुढे दुकान, मागे कापायचं उंच टेबल, शिवणयंत्र आणि अंगणात उघडणारं काचेचं दार. झोपायची खोली वर, अरुंद जिन्यानं जायची. टेबलाखाली एका उथळ खोक्यात कासवाचं पिल्लू होतं, साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं. वर्षभरापूर्वी देश सोडून चाललेला एक गिऱ्हाईक कोट घ्यायला आला आणि ते ठेवून गेला. "कोट बरा लक्षात राहिला मेल्याच्या," आई म्हणायची. तिनं त्याचं नाव बटण ठेवलं होतं.

शेवटची टाचणी लागली. लेक स्टुलावरून उतरली आणि तिनं आईला उठायला हात दिला. आईनं हाताकडे पाहिलं, आणि मग टेबलाच्या पायाला पाठ लावून आरामात बसली.

"तू हो पुढे. मी याच्याकडे बघते जरा. पुढच्या आठवड्यात ने विजार."

"बस चुकेल माझी."

"मग पळ की. मी कुठं धरून ठेवलंय?"

दुकानाच्या दारातून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. आई अजून जमिनीवरच होती आणि कासवाला काहीतरी समजावत होती.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईंना आई शिवणयंत्राशी सापडली. दिवा चालू, डोकं हाताच्या घडीवर, सुईखाली अर्धवट शिवलेली बाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच वाक्य उच्चारलं: चालती-बोलती गेली. अंथरुणाला खिळून नाही, कुणावर भार होऊन नाही. लेकीनं ते वाक्य घट्ट धरलं. आत काही ढासळू लागलं की ती ते मनात म्हणायची, अंधारात कठडा चाचपावा तसं. आईला त्रास झाला नाही, एवढं एक तिला पक्कं ठाऊक होतं.

खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. तिनं रजा काढली आणि ती वरच्या खोलीत राहायला आली. धाकट्या भावानं कासवासाठी एक कुटुंब शोधलं होतं. बागेचं घर, दोन मुली. रविवारी ते न्यायला येणार होते. त्या घरातल्या बाईंचा फोन आला.

"तो दिवसभर काय काय करतो, तेवढं सांगाल का? म्हणजे इथं आल्यावर आम्ही तसंच ठेवू त्याला."

"सांगते," ती म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं.

म्हणून ती बघू लागली. सकाळी बटण खोक्याबाहेर यायचं आणि दिव्याखाली चारी पाय पसरून पडायचं, जणू कुणीतरी वरून टाकलंय. अंग तापलं की पाला खायचं. तोंड मोठं उघडायचं, घास छोटा घ्यायचं. मग ताटलीतल्या पाण्यात जाऊन बसायचं आणि तिथंच घाणही करायचं. रस्त्यावरून जड गाडी गेली की डोकं आत. भिंतीचा एक कोपरा त्याला मान्य नव्हता. तो ढकलून पलीकडे जाता येईल अशी त्याची समजूत होती. यात सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि तिला जरा हलकं वाटलं.

दुपारी काचेच्या दारातून उन्हाचा लांबट पट्टा फरशीवर पडला. बटण टेबलाखालून निघालं आणि सरळ उन्हाकडे चालू लागलं. मोकळी फरशी, मध्ये काही नाही. निम्म्या वाटेत ते थांबलं. मान वर करून त्यानं समोर पाहिलं. मग डावीकडे वळून कशाच्या तरी कडेकडेनं चालत गेलं, टोकाला पोचल्यावर उजवीकडे वळलं, आणि पलीकडच्या अंगानं पुन्हा वर आलं. मधेच एका जागी आत तोंड करून थांबलं. कवच एका बाजूनं दोनदा रेटलं, गर्दीत जागा करून घ्यावी तसं, आणि पाय पोटाशी घेतले. ऊन तिथून वीतभर दूर होतं.

ती हसली. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच केलं, त्याच वाटेनं, तेव्हा हसली नाही.

तिनं फरशी साबणानं धुतली. बटण ओल्या फरशीवरून तसाच वळसा घालून गेलं. तिनं त्या मोकळ्या जागेच्या मधोमध हिरवं पान ठेवलं. बटणानं पानाकडे मान लांबवली, पुष्कळ लांबवली, पण पाय पुढे टाकला नाही. मग ते बाजूनं निघून गेलं. आपल्या जागी बसल्यावर त्यानं डोळे मिटले आणि मान हळूहळू वर, थोडी तिरकी केली. गळ्याखालची मऊ कातडी वरखाली होत होती, कुणी बोट फिरवावं तशी.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तरी ती जिन्याच्या पायरीवर पाय वर घेऊन बसली.

काठ शिवायचं यंत्र न्यायला भाऊ आला, तेव्हा तिनं त्याला ते दाखवलं. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"आईनं वळण लावलंय त्याला," तो म्हणाला. "आपल्याला नाही लागलं."

"थट्टा नको रे."

"मग काय करू? ताई, तू घरी जाऊन दोन दिवस झोप काढ. डोळे बघ तुझे."

त्यानं यंत्र उचललं आणि तो मागच्या दाराकडे निघाला. गाडी अंगणात होती. जड यंत्र छातीशी धरून तो खोलीच्या मध्यापर्यंत सरळ आला आणि त्या जागेला बाजूनं वळसा घालून गेला. दाराशी पोचल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. तिच्याही आलं होतं. "दार धर की," एवढंच तो म्हणाला.

ती बटणाला शर्टाच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई वयस्क होत्या. त्यांनी बटणाला पालथं केलं, पाय ओढून पाहिले, नाकपुड्या पाहिल्या.

"ठणठणीत आहे. तुम्हीच जरा उतरलेल्या दिसता."

तिनं वळशाचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"भुताखेतांचं यांना काही कळत नाही हो. यांना कळते ऊब. ऊन दिसतंय आणि तरी अलीकडे बसतंय, म्हणजे तिथं उन्हापेक्षा बरी ऊब आहे. खालून गरम पाण्याचा नळ गेलाय का?"

"नाही."

"मग तिथं दुसरी ऊब होती. आता नसेल, पण होती."

"सवयीनं जातं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"सवयीनंच. सवय सुटायला यांना वेळ लागतो. पण लागायलाही लागतोच की. एकदोनदा घडलं म्हणून नाही हे असं वाट पाडत. रोज, ठरल्या वेळी, कितीतरी महिने." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "तिथं काय होतं?"

"काहीच नव्हतं."

"असणार काहीतरी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आईच्या टेबलावरचा निळा खडू घेतला. बटण निघाल्यावर ती ओणवी होऊन मागोमाग चालली आणि जिथं जिथं ते वळलं तिथं तिथं फरशीवर खूण करत गेली. ते बसल्यावर तिनं खुणा जोडल्या. कापडावर खुणा जोडतात तशाच, हात न उचलता.

आकृती लांबट निघाली. एका टोकाला निमुळती, मग गुडघ्याशी थोडी बाहेर आलेली, मग रुंद. बटण बसलं होतं ती जागा कमरेच्या किंचित वर होती, कोपर अंगापासून थोडं दूर ठेवलं तर मध्ये राहते तेवढी.

इंचाची टेप हाताशीच होती, पण तिनं ती घेतली नाही. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. आईचं माप लहानपणापासून तीच घेत आली होती.

टेबलाखाली, खोक्याच्या मागे, चिंध्या भरून शिवलेली एक गुंडाळी होती. ती कासवासाठी असेल, असं तिनं धरून चाललं होतं. आता तिनं ती बाहेर ओढली. मध्ये खळगा पडला होता. खळग्यात पांढरे केस होते.

गेलं वर्षभर आई दुपारी फोन करायची. सावकाश, मध्ये थांबत बोलायची.

"काय करतेस?" लेक विचारायची.

"काय करणार? उभी आहे."

मागे शिवणयंत्राचा आवाज नसायचा. आपल्याशी बोलायला काम थांबवलंय, या विचारानं तिला तेव्हा बरं वाटायचं.

वरच्या खोलीपर्यंत तो जिना होता. चढायला बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीलाही दम लागावा असा.

तिनं भावाला फोन लावला.

"आई दुपारची काय करायची रे?"

"काय करणार? काम. तापात तरी कधी आडवी झालेली पाहिलीस तिला? आजोबा नाही का म्हणायचे, हिला झोपवायचं तर जमीन उभी करावी लागेल." तो हसला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "का गं?"

तिनं फरशीवरच्या निळ्या रेषेकडे पाहिलं.

"काही नाही. सहज."

"चालती-बोलती गेली ती, ताई."

"हो," ती म्हणाली. "चालती-बोलती गेली."

फोन ठेवल्यावर ते वाक्य आपल्यापुरतं खरं उरलेलं नाही, हे तिला कळलं. भावापुरतं ते राहू दे, असं तिनं ठरवलं.

रविवारी त्या कुटुंबानं दुपारनंतर यायचं कबूल केलं होतं. तिनं बटणाचं खोकं पुसून ठेवलं, पाला एका पिशवीत बांधला. ऊन दारातून आत आलं. ती रेषेपाशी गेली. रेषेच्या आत पाय टाकायला तिचं मन झालं नाही. म्हणून ती अलीकडच्या बाजूला, आकृतीला लागून, कुशीवर आडवी झाली. फरशी गार होती. जमिनीवरून खोली उंच दिसत होती आणि कामाचं टेबल कुणा दुसऱ्याचं असावं तसं.

बटण टेबलाखालून निघालं. तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. तिचा श्वास त्याच्यापर्यंत पोचत असणार. ऊब कळते, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि या क्षणी खोलीत ऊब होती ती तिचीच. तिनं कोपर थोडं वर केलं, जागा करून दिली.

बटणानं तिच्याकडे पाहिलं. मग ते वळलं. तिच्या पायांवरून वळसा घालून पलीकडे गेलं, रेषेच्या त्या अंगानं सावकाश वर आलं आणि आपल्या जागी, आत तोंड करून बसलं. कवच दोनदा रेटलं. डोळे मिटून मान वर केली. त्याच्या आणि तिच्यामध्ये एका माणसाची जागा होती.

ती त्या जागेकडे बघत पडून राहिली. भीती वाटत होती, पण उठावंसं वाटत नव्हतं. बटणाच्या गळ्याखालची कातडी हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. तिनं हात पुढे केला नाही.

"दमलीस ना गं," ती म्हणाली.

तिच्या माहितीत हा शब्द त्या घरात आईला कुणीही म्हटला नव्हता. स्वतःचा आवाज तिला जमिनीलगत, संथ ऐकू आला.

पुढच्या दारावर थाप पडली. मुलींचं हसणं, मग त्यांना दटावणारा बाईंचा आवाज. बटणानं या वेळी डोकं आत घेतलं नाही. ती कोपरावर उठली, मधल्या जागेला धक्का लागणार नाही अशी, आणि हळू आवाजात म्हणाली,

"उठू नकोस. पड अशीच. दार मी बघते."